चिनी उलाँग घरी नीट कसा करायचा: पान ओळखण्यापासून शेवटच्या पाण्यापर्यंत

चांगला चिनी उलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला चहा, विकत आणून तो घरी बिघडवण्याचे दोन मार्ग आपल्याकडे फार चालतात. एक म्हणजे आधणात पान टाकून नेहमीच्या चहासारखी उकळी काढायची. दुसरा, ग्रीन टीची सूचना लक्षात ठेवून मगभर कोमट पाण्यात चमचाभर पान पाच मिनिटं भिजत ठेवायचं. पहिल्यात कडू काढा हाती येतो, दुसऱ्यात पिवळसर बेचव पाणी. मग ‘एवढे पैसे घालून हे काय?’ असं म्हणत पाकीट फडताळात मागे सरकतं.

उलाँगचं गणित यापेक्षा वेगळं आहे. पान भरपूर, पाणी थोडं पण कडकडीत, वेळ काही सेकंदांचा, आणि तेच पान सहा-सात वेळा वापरायचं. दक्षिण चीनच्या फुजियान आणि ग्वांगडोंग प्रांतांत उलाँग असाच पितात. या रीतीला गोंगफू चहा म्हणतात. खालचे टप्पे तिच्यावरच बेतलेले आहेत, फक्त आपल्या ओट्यावर जमतील एवढे सोपे केले आहेत. क्रम मात्र बदलू नका. बहुतेकांचं बिनसतं ते क्रमातच.

टप्पा १: पाकिटात नेमकं काय आहे ते ओळखा

‘उलाँग किती वेळ ठेवायचा?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण उलाँग हे एका चहाचं नाव नाही. तोडलेलं पान सुकवतात, बांबूच्या सुपांत किंवा फिरत्या पिंपात हलवून त्याच्या कडा घासतात, आणि त्या घासलेल्या कडा हवेशी संयोग होऊन लालसर होऊ लागल्या की मधेच उष्णता देऊन ती क्रिया थांबवतात. ती कुठे थांबवली आणि नंतर पान किती भाजलं, यावर चव ठरते. तुमची पद्धतही त्यावरच ठरणार.

पाकीट उघडा, पांढऱ्या बशीत चिमूटभर पान घ्या आणि बघा.

*घट्ट गोळ्या, हिरव्या रंगाच्या.* हा बहुधा दक्षिण फुजियानमधल्या आन्शीचा तिएग्वानयिन, हलक्या पद्धतीचा, म्हणजे फारसा न भाजलेला. फुलांचा वास, पाणी फिकट हिरवं-पिवळं.

*घट्ट गोळ्या, पण तपकिरी किंवा काळपट.* तोच तिएग्वानयिन, पण भाजलेला. वास खरपूस, पाणी सोनेरी ते तांबूस.

*लांब, पीळ दिलेलं, काळपट पान.* उत्तर फुजियानमधल्या वूयी डोंगरांचा ‘खडकावरचा चहा’. दा होंग पाओ, रौ गुई, श्वेई शिएन ही नावं याच घरातली. रौ गुईला दालचिनीची झाक असते, श्वेई शिएन त्यापेक्षा शांत आणि जाडसर.

*लांब, पीळ दिलेलं, तपकिरी, लवकर चुरणारं पान.* ग्वांगडोंगमधल्या चाओचौजवळच्या फीनिक्स डोंगराचा दानत्सोंग. त्याचे प्रकार वासावरून ओळखले जातात. नवख्यांना सहसा ‘मी लान श्यांग’ हा प्रकार मिळतो. त्यात मध, ऑर्किड आणि थोडा लिचीचा वास असतो.

तैवानचे उलाँगही गोळीच्या रूपात येतात आणि त्यांना गोळीच्या पानाचेच नियम लावले तर चालतात. टी-बॅगमधला किंवा ‘पीच फ्लेवर’ वगैरे छापलेला उलाँग असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. तो गरम पाण्यात बुडवा आणि प्या.

खरेदीतली सावधानता. दा होंग पाओची मूळ झुडपं वूयीत एका कड्यावर आहेत, मोजून सहा. २००६ पासून त्यांची तोड बंद आहे. म्हणून ‘मूळ झाडाचा’ असं सांगून कोणी पाकीट विकत असेल तर तिथून उठा. आज दा होंग पाओ या नावाने जे मिळतं ते बहुतेक वेळा वूयीच्या वेगवेगळ्या जातींचं मिश्रण असतं. त्यात फसवणूक काही नाही, चांगलं मिश्रण उत्तम लागतं. तसंच न्यूलानखंग या दरीतला रौ गुई चीनमध्येच प्रचंड महाग आहे, तो स्वस्तात मिळत असेल तर तो त्या दरीतला नव्हे. पहिल्या खेपेला नावामागे जाऊ नका. पन्नास ग्रॅमच्या आतलं पाकीट घ्या आणि विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: कुठला, कोणत्या हंगामातला, किती भाजलेला. यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही तर दुसरं दुकान बघा.

हंगामाबद्दल एवढं पुरे: तिएग्वानयिन मुख्यतः वसंतात आणि शरदात तोडतात. वसंतातला अंगाने भरलेला असतो, शरदातला वासाने. वूयीचा चहा एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत तोडतात, पण नंतर त्याची भाजणी महिनोन्‌महिने टप्प्याटप्प्याने चालते. त्यामुळे जूनमध्येच ‘यंदाचा ताजा वूयी’ कोणी देऊ केला तर घाईने घेण्यात काही मिळत नाही.

टप्पा २: भांडी मांडा

लागतात ती एवढीच:

१. झाकणाचा चिनी मातीचा वाडगा, म्हणजे गायवान. मापाने १०० ते १२० मिली. याहून मोठा घेऊ नका.
२. चहा ओतून घ्यायला काचेचं किंवा चिनी मातीचं छोटं, चोचीचं भांडं.
३. तीस-चाळीस मिलीचे दोन-तीन छोटे कप.
४. इलेक्ट्रिक किटली.
५. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल वजनकाटा.
६. सांडलेलं पाणी झेलायला खोलगट ताट किंवा परात.

गायवान नसेल तर चिनी मातीचा छोटा कप आणि त्यावर बसणारी बशी घेऊन सुरुवात करा. हात जरा जास्त भाजेल, पण चव कळेल. स्टीलचा पेला मात्र नको. तो हातात धरवत नाही आणि पानाची उष्णताही झपाट्याने घालवतो.

गायवान निवडताना तीन गोष्टी तपासा. काठ बाहेरच्या बाजूला चांगला वळलेला हवा, कारण बोटं तिथेच टेकतात. भिंत पातळ हवी, जाड मातीचा वाडगा पहिल्याच पाण्याची उष्णता शोषून घेतो. आणि रंग आतून पांढरा हवा, म्हणजे चहा किती उतरला ते दिसतं.

तांबड्या-जांभळ्या यीशिंग मातीच्या किटलीचं आकर्षण सगळ्यांना असतं. सुरुवातीला ती घेऊ नका. बाजारात नकली फार आहेत, शिवाय ही माती वास धरून ठेवते, म्हणून एका किटलीत एकाच प्रकारचा चहा करावा लागतो. वूयीवर तुमचं मन बसलं की मग घ्या. हिरव्या तिएग्वानयिनला तर कायमच चिनी माती बरी.

इथे थांबा आणि हुंगा. किटली, कप, गाळणी यांतल्या कशालाही आलं, वेलची, दूध किंवा भांड्यांच्या साबणाचा वास येत नाही ना? घरातली रोजच्या चहाची गाळणी कितीही घासली तरी तिच्यात आल्याचा वास राहतो. उलाँगसाठी वेगळी ठेवा किंवा वापरूच नका. पान मोठं असतं, झाकणाच्या फटीतून पाणी पुरेसं गाळून येतं.

टप्पा ३: पाणी ठरवा

कपातलं जवळजवळ सगळं पाणीच असतं, आणि तरी लोक पानावर हजारो खर्चून बोअरचं पाणी घालतात. दख्खनच्या पठारावर बोअरवेलचं पाणी बहुधा जड असतं. त्यात उलाँगचा रंग गडद आणि गढूळ येतो, वर पातळ साय धरते, फुलांचा वास दबून जातो. उलट आरओच्या यंत्रातून अगदी पिळून निघालेलं पाणी चहाला सपाट करतं.

विरघळलेले क्षार साधारण ५० ते १५० मिलिग्रॅम प्रतिलिटर असलेलं पाणी उलाँगला मानवतं. टीडीएस मोजायची पेनासारखी काडी स्वस्तात मिळते. घरच्या आरओचा आकडा २०-३० येत असेल तर त्यात थोडं नळाचं उकळलेलं पाणी मिसळून बघा, किंवा यंत्राच्या माणसाला आकडा वाढवून द्यायला सांगा. पालिकेच्या नळाचं पाणी मऊ असेल आणि क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून सकाळी वापरा.

आता तापमान. इथली सगळ्यात मोठी चूक ग्रीन टीमधून आली आहे: ‘पाणी ८० अंशांवरच हवं.’ उलाँगला हे लागू नाही. वूयी, दानत्सोंग आणि भाजलेला तिएग्वानयिन यांना खळखळ उकळतं पाणी लागतं. हिरव्या तिएग्वानयिनला उकळी आल्यावर अर्धा-पाऊण मिनिट थांबलात की पुरे, म्हणजे साधारण ९५ अंश. कमी तापमानावर घट्ट गोळी उलगडतच नाही आणि भाजलेल्या पानातला वास आतच राहतो.

उंचीचाही थोडा हिशेब ठेवा. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्यात साधारण ९८ ला, महाबळेश्वरला ९५-९६ ला. महाबळेश्वरात बसून वूयी करायचा तर उकळी आल्या आल्या ओता, एक क्षणही थांबू नका.

पाणी दुसऱ्यांदा उकळल्याने चहा बिघडतो असं अनेक जण बजावतात. मी त्याची फिकीर करत नाही. किटलीत निवत गेलेलं पाणी चौथ्या-पाचव्या खेपेला तसंच ओतणं हे त्याहून कितीतरी वाईट. प्रत्येक खेपेआधी किटलीचं बटण पुन्हा दाबा.

टप्पा ४: पान तोला

चमच्याने मोजू नका. चमचाभर गोळ्या आणि चमचाभर पीळदार पान यांच्या वजनात दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो, आणि मग ‘काल छान झाला होता, आज का नाही?’ याचा शोध लागत नाही.

१०० मिली पाण्याला ५ ग्रॅम पान घ्या. चीनमध्ये याहून कडक करतात. तिथली एका वेळेची बंद पाकिटं तिएग्वानयिनला ७-८ ग्रॅमची आणि वूयीला ८ ग्रॅमच्या आसपासची असतात, आणि तेवढं सगळं एका ११० मिलीच्या गायवानात जातं. चाओचौमध्ये तर दानत्सोंगने भांडं काठोकाठ भरतात. हात बसेपर्यंत तुम्ही ५ वर राहा. जास्त पानाबरोबर दोन-तीन सेकंदांची चूकही जिभेला कळते.

पाच ग्रॅम गोळ्या तळाशी अगदीच थोड्या दिसतील. तरीही वाढवू नका. उलगडल्यावर त्या झाकण वर उचलतात.

चुरा वेगळा करायची गरज नाही, पण तो ओतायच्या बाजूला येऊ देऊ नका. आधी चुरा मागच्या बाजूला, मग वर अख्खं पान.

टप्पा ५: भांडी तापवा आणि कोरडं पान हुंगा

गायवान, चोचीचं भांडं, कप, सगळ्यांत उकळतं पाणी घाला, दहा सेकंद थांबा, फेकून द्या. हे शोभेसाठी नाही. थंड गायवान पहिल्या पाण्याचे बरेच अंश खाऊन टाकतो.

आता रिकाम्या तापलेल्या गायवानात पान टाका, झाकण लावा, हलकेच दोन-तीनदा हलवा आणि झाकण किंचित उघडून हुंगा. या वासावरून पुढचं बरंच कळतं. हिरव्या तिएग्वानयिनला फुलं, रौ गुईला मसाला, दानत्सोंगला मध आणि फळ जाणवायला हवं. कुबट, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर साठवणीत ओल शिरली आहे. नुसता जळका वास आला तर पान हल्लीच भाजलेलं आहे. त्याला डब्यात दोन-तीन महिने पडू द्या, आच आपोआप निवळते.

टप्पा ६: धुवायचं की नाही

यावर वाद घालणारे घालोत. माझा नियम असा: गोळीचं पान आणि भाजलेलं पान धुवा, हलकं पीळदार पान धुतलं नाही तरी चालेल. धुणं म्हणजे पान बुडेल इतकं उकळतं पाणी घालून तीन ते पाच सेकंदांत पूर्ण ओतून टाकणं. गोळी सैल होते, भाजलेल्या पानावरची बारीक पूड निघून जाते.

याहून जास्त वेळ ठेवलंत तर ते धुणं राहत नाही, पहिलं पाणीच मोरीत जातं. वर फेस आला तर तो घाण नाही. झाकणाच्या कडेने एका बाजूला सारा आणि वरून थोडं पाणी सोडा.

टप्पा ७: पहिलं पाणी

सगळा लेख एका टप्प्यापुरताच वाचायचा असेल तर हा वाचा.

*ओतणं.* किटली थोडी उंच धरून पाणी काठाने गोल फिरवत घाला, पानाच्या मधोमध धार मारू नका. दानत्सोंगच्या बाबतीत हे जास्त कटाक्षाने पाळा, तो चिडका आहे. धार सरळ पानावर आपटली की कडवटपणा लगेच बाहेर येतो. पाणी गायवानाच्या वळलेल्या काठाच्या खालीच थांबलं पाहिजे. काठापर्यंत भरलंत तर बोटं भाजणार, आणि भाजलेली बोटं घाई करून चहा सांडणार.

*मोजणं.* सेकंद मोजायला सुरुवात पाणी घालायला लागल्यापासून करा, झाकण लावल्यापासून नाही. ओतून काढायलाही पाच-सहा सेकंद जातात, तेही धरा. पाच ग्रॅमला सुरुवातीच्या वेळा अशा:

वूयी: १० ते १२ सेकंद.
दानत्सोंग: ८ ते १० सेकंद. जवळजवळ घातलं की काढलं.
भाजलेला तिएग्वानयिन: धुतलेला असेल तर २० सेकंद.
हिरवा तिएग्वानयिन: २० ते २५ सेकंद.

आठ ग्रॅम घेतलं असेल तर यातला थांबण्याचा वेळ जवळजवळ शून्यावर आणा.

*धरणं.* झाकण किंचित तिरकं सरकवून एक बारीक फट ठेवा, पान अडेल आणि पाणी येईल एवढीच. अंगठा आणि मधलं बोट समोरासमोर काठावर, तर्जनी झाकणाच्या बोंडावर. तळहात वाडग्याला लागू देऊ नका. फट अंगठ्याखाली नको आणि मधल्या बोटाखालीही नको, त्या दोघांच्या मधे, पुढच्या बाजूला हवी, नाहीतर वाफ थेट बोटावर येते. हे आधी थंड पाण्यावर आठ-दहा वेळा करून बघा. चटका बसतो तो बहुतेक वेळा चाचरत ओतल्यामुळे. मनगट एकदम ९० अंशांत वळवलं की काम झटक्यात होतं.

*निथळणं.* इथे बहुतेक सगळे चुकतात. गायवानाच्या तळाशी दोन चमचे चहा राहिला तर ‘राहू दे’ म्हणतात. तो दोन चमचे चहा पुढच्या पाण्यापर्यंत पानात मुरत बसतो, आणि तिसऱ्या खेपेला चहा कडू का झाला हे कळत नाही. गायवान उभा धरा, शेवटचे थेंब पडेपर्यंत थांबा, एकदा हलकासा झटका द्या.

चाओचौमध्ये ही गोष्ट विधीसारखी करतात. तिथे मधलं चोचीचं भांडं नसतं, तीन कप एकमेकांना चिकटवून मांडतात आणि गायवान त्यांच्यावरून गोल फिरवत ओततात, म्हणजे तिघांनाही सारख्या कडकपणाचा चहा मिळतो. शेवटचे थेंब तर एकेका कपात वाटून टाकतात, कारण सगळ्यात कडक चहा त्या थेंबांत असतो. पाणी घालताना उंचावरून आणि चहा ओतताना कपाजवळून, हाही तिथलाच नियम: जवळून ओतलं की वास कपात राहतो, फेस धरत नाही.

*झाकण उघडं ठेवा.* निथळून झालं की झाकण बाजूला ठेवा किंवा अर्धं उघडं टाका. बंद झाकणाखाली गरम ओलं पान शिजत राहतं. हिरव्या तिएग्वानयिनला मग उकडलेल्या पालेभाजीचा वास येतो.

तपासणी. झाकणाची आतली बाजू गरम असतानाच हुंगा. मग चोचीचं भांडं रिकामं झाल्यावर, ते निवल्यावर पुन्हा हुंगा. चांगल्या उलाँगचा वास निवलेल्या भांड्यातही राहतो, आणि गरम असताना लपलेला गोडवा तिथे सापडतो. वरून सुगंध फवारलेल्या पानाचा वास पहिल्या दोन पाण्यांत घमघमतो आणि नंतर एकदम नाहीसा होतो.

टप्पा ८: पुढची पाणी

दुसरं पाणी पहिल्यापेक्षा *कमी* वेळ ठेवा. हे ऐकून लोक बावचळतात. पण गोळी आता उलगडली आहे, पान ओलं आणि गरम आहे, सगळं एकदम सुटायला तयार आहे. हिरव्या तिएग्वानयिनला दुसऱ्यांदा १५ सेकंद पुरतात. वूयी आणि दानत्सोंगला दुसरं आणि तिसरं पाणी पहिल्याएवढंच किंवा दोन सेकंद कमी.

चौथ्यापासून वाढवत जा. वूयीचा एक चालणारा क्रम असा: १०, ८, १०, १५, २५, ४०, ६० सेकंद, आणि मग एकदा दोन-तीन मिनिटं. तिएग्वानयिन सहसा सहा-सात पाणी देतो. चांगला दानत्सोंग त्याहून जास्त, फक्त त्याला प्रत्येक वेळी झटपट काढावं लागतं.

हे आकडे डोळे मिटून पाळायचे नाहीत. प्रत्येक घोटानंतर एकच प्रश्न विचारायचा: मागच्यापेक्षा कडक की पाणचट? त्यावर पुढची वेळ ठरवायची. रंगाकडे बघून ठरवू नका. भाजलेल्या पानाचा रंग आधी येतो, चव नंतर, आणि दानत्सोंग फिकट दिसत असतानाच कडू झालेला असतो.

मधे फोन आला आणि पान पाण्यात राहून गेलं तर ते पाणी सरळ टाकून द्या, किंवा उकळतं पाणी मिसळून पातळ करून प्या. पान वाया गेलेलं नसतं. पुढची वेळ थोडी वाढवून पुढे चला.

टप्पा ९: पिणं

दूध नको, साखर नको, लिंबूही नको. दुधातली प्रथिनं चहातला तुरटपणा बांधून ठेवतात, आणि वासाला तर ती पांघरूणच घालतात. आलं-वेलचीच्या चहाला तेच हवं असतं, उलाँगला नको.

कप तीन घोटांचा असतो. पहिला घोट छोटा घ्या, थोडी हवा आत ओढत, जिभेवर पसरवून. आपल्याकडे भुरके मारणं वाईट समजतात, इथे ते कामाचं आहे, वास नाकाच्या मागच्या बाजूने वर चढतो. गिळल्यावर लगेच दुसरा घोट घेऊ नका. किंचित तुरट लागून मग घशाकडून गोडवा परत आला की चहा बरा आहे आणि तुम्हीही तो बरा केला आहे. तुरटपणा जिभेवर चिकटून बसला आणि हललाच नाही तर वेळ जास्त झाली, किंवा पान हलक्या प्रतीचं आहे. वूयीत याखेरीज एक खनिज, ओल्या दगडाची चव शोधा. ती तिसऱ्या-चौथ्या पाण्यात, भाजणीचा खरपूसपणा ओसरल्यावर सापडते. त्यामुळे वूयीवर पहिल्या कपावरून मत देऊ नये.

सावध राहा. असा चहा छोट्या कपात असला तरी कडक असतो. रिकाम्या पोटी पाच-सहा कप झाले की डोकं हलकं होणं, हात थरथरणं, मळमळ असं काहींना होतं. तसं वाटलं की थांबा आणि काहीतरी गोड खा. चाओचौमध्ये चहाबरोबर साखरेत घोळवलेले शेंगदाणे देतात, आपल्याकडे शेंगदाण्याची चिक्की तेच काम करते. संध्याकाळी सहानंतर हा उद्योग झोपेवर उदार असणाऱ्यांनीच करावा.

टप्पा १०: भिजलेलं पान बघा

शेवटच्या पाण्यानंतर चोथा लगेच फेकू नका. पांढऱ्या ताटलीत पाणी घालून त्यात पानं पसरा. हात लावला तर लवचीक, अख्खी पानं असतील तर माल चांगला. वूयी किंवा भाजलेल्या तिएग्वानयिनच्या पानाला मधे हिरवट-तपकिरी आणि कडेने लालसर झाक दिसायला हवी. खूप भाजलेलं असेल तर रंग काळसर होतो आणि कडा ओळखू येत नाहीत. हिरव्या तिएग्वानयिनची कड फाटलेली, झडलेली दिसली तर घाबरू नका. नव्या पद्धतीत लाल झालेल्या कडा मुद्दाम झटकून काढतात, म्हणजे पाणी स्वच्छ हिरवं येतं. पान बोटांत कडक आणि कोळशासारखं काळं राहिलं, उलगडलंच नाही, तर मात्र जळेपर्यंत भाजून जुना माल खपवलेला असू शकतो.

बिघडलं तर कुठे बघायचं

*कडू, जीभ आवळणारा.* आधी निथळणं तपासा, मग वेळ, मग वजन. तापमान सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात: पाणी थंड करतात आणि चव घालवून बसतात.

*पाणचट.* भांडं तापवलं होतं का? किटली पुन्हा उकळली होती का? दोन्ही ‘हो’ असेल तर पान एक ग्रॅम वाढवा. तरीही पाणचट, आणि कोरड्या पानालाही वास नसेल, तर पाकीट शिळं आहे.

*आंबूस.* हिरव्या तिएग्वानयिनचे काही प्रकार मुद्दाम हलके आंबट बनवतात. ती आंबट चव स्वच्छ आणि फळासारखी असते. भाजलेल्या पानात आंबूसपणा आला तर डब्यात दमटपणा शिरला आहे.

*पहिले दोन कप छान, मग काहीच नाही.* सुरुवातीलाच वेळ जास्त ठेवलीत आणि पानातलं सगळं काढून घेतलंत. पुढच्या वेळी पहिलं पाणी निम्म्या वेळात काढा.

गायवान काढायला वेळ नसेल तेव्हा

ऑफिसात उंच काचेच्या ग्लासात दोन ग्रॅम पान आणि ३०० मिली गरम पाणी. पान तळाशी बसलं की वरून पीत जा, तिसरा हिस्सा उरला की पुन्हा गरम पाणी घाला. तिएग्वानयिन आणि हलका श्वेई शिएन हे सोसतात. दानत्सोंग अजिबात सोसत नाही, तो या पद्धतीने करू नका.

उन्हाळ्यात एक लिटर गार पाण्यात ८ ते १० ग्रॅम हिरवा तिएग्वानयिन टाकून सहा-आठ तास फ्रीजमध्ये ठेवा आणि गाळून घ्या. तापमान कमी असल्याने कडूपणा फारसा सुटत नाही, म्हणून सेकंद मोजायची कटकटही नाही. त्याच दिवशी संपवा.

साठवण

हिरवा तिएग्वानयिन फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये, हवा काढून बंद केलेल्या पाकिटात. बाहेर काढलं की पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत *उघडू नका*, नाहीतर हवेतली वाफ थेट पानावर साचते. सहा महिन्यांत ते संपवलेलं बरं. उघडलेलं पाकीट फ्रीजमधल्या लसणीच्या शेजारी ठेवलंत तर चहाही लसणीचा होतो.

भाजलेले उलाँग फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत. घट्ट झाकणाच्या टिनच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी, मसाल्याच्या फडताळापासून आणि देवघरातल्या उदबत्तीपासून लांब. खरा धोका आपल्या पावसाळ्याचा आहे. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर डबा उघडताना हवेतली ओल आत जाते, म्हणून मोठं पाकीट पाऊस लागायच्या आधीच आठवड्याच्या छोट्या पुड्यांत वाटून, प्रत्येक पुडी स्वतंत्र सीलबंद करून ठेवा. चिमटीत पान चुरडून बघा: कडकन मोडलं तर ठीक. वाकून मऊ पडलं तर ओल धरली आहे. तेव्हा जाड तळाच्या कोरड्या, बिनवासाच्या कढईत अगदी मंद आचेवर, सतत हलवत, हाताला सोसवेल इतपतच गरम करा. पूर्ण निवल्यावर डब्यात भरा आणि लगेच न पिता आठवडाभर राहू द्या. हिरव्या तिएग्वानयिनवर हा उपाय करू नका, त्याच्या फुलांचा वास त्यात निघून जातो.